चार नंबरची झोप

"अगो पोरी, मी मेलो नाय अजून. डोले कशाला झाकतेस?"

गोटीरामांनी डोळ्यांवरची पट्टी ओढून सिस्टर अस्मिताच्या हातात दिली. कानातले बोळे आधीच पलंगाखाली गेले होते. न्यूमोनिया होऊन ते वाशीच्या हॉस्पिटलात आले, त्याला आज चौथा दिवस. आयसीयूच्या चार नंबरच्या बेडवर त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

श्वास कमजोर, म्हणून डॉक्टर झोपेची गोळी देईनात. आणि झोपेविना म्हातारा भ्रमात चाललेला. काल सलाईनची नळी काकडीचा वेल समजून उपटायला निघाले होते. अस्मिताने दिवे मंद केले, मशीनचे आवाज कमी केले, दुपारी दोन ते चार कुणाला टोचायचं नाही, असं ठरवून घेतलं. बाकीचे पेशंट गाढ झोपले. गोटीराम छताकडे बघत राहिले.

शेवटी डॉक्टरांना विचारून तिने त्यांच्या बायकोला आत आणलं.

"काकी, बोला जरा त्यांच्याशी."

"आमी बोलत नाय," सुमित्राबाई म्हणाल्या. "सात वरसां झाली."

तळवलीचं घर पाडून इमारत बांधताना गोटीरामांनी न विचारता त्यांची अंगणातली चूल फोडली होती. तेव्हापासून सगळे निरोप सुनेमार्फत. आताही पलंगाला खेटून बसत त्या अस्मितालाच म्हणाल्या, "त्यांना सांग, झोपा."

अस्मिताने सांगितलं. गोटीरामांनी मुकाट डोळे मिटले.

जरा वेळाने सुमित्राबाई हळूच बोलू लागल्या. आधी चुलीवरून शिव्या. मग गॅसवरच्या भाकरीला कशी चव नाही ते. मग रविवारी त्यांना धाप लागली तेव्हा आपले हातपाय कसे गळाले, ते.

चार वाजता अस्मिता आली. गोटीराम खरंच गाढ झोपले होते.

मग रोज दुपारी सुमित्राबाई येऊ लागल्या. हळूहळू रात्रीची झोपही परतली, भ्रम गेला. त्यानंतर पाचव्या दिवशी वॉर्डात हलवताना गोटीरामांनी अस्मिताला जवळ बोलावलं.

"तिला सांगू नको हां. ती बोलाय लागायची तवा मी जागाच असायचो. डोले उघडले असते तर गप झाली असती."

अस्मिताला कुठलं राहवतंय! दाराबाहेर सुमित्राबाई पिशवी भरत होत्या.

"काकी, तुम्ही बोलत होतात तेव्हा काका जागे असायचे."

"ठावं हाय," त्या म्हणाल्या. "झोपले का घोरतात. घोराया लागले का मी गप."