लाल सुतळीची पोती

सासरेबुवांच्या सदऱ्याचं बटण भलत्याच काजात गेलं होतं. सासूबाईंनी त्यांना शेडच्या दाराशी थांबवलं, बटण काढून बरोबर लावलं आणि पुढे झाल्या. त्यांची रीतच होती ती. नवऱ्याची चूक बोलून दाखवायची नाही, परस्पर निस्तरायची आणि मोकळं व्हायचं.

आत कोंबड्यांचे डॉक्टर येऊन थांबले होते. सून जाळीपाशी उभी होती, नखं खात.

ही जाळी शेडच्या मधोमध होती. अलीकडचे पक्षी लाल सुतळीच्या पोत्यांतलं खाद्य खाऊन वाढलेले, पलीकडचे पांढऱ्या सुतळीच्या. मका तोच, सोयाबीनची पेंडही तीच. फरक काय तो चिमूटभर खनिजांचा. लाल म्हणजे सुनेचं मिश्रण: जस्त, मँगनीज, तांबं, प्रमाण निम्म्याहूनही कमी, पण पक्ष्याच्या अंगी चटकन लागेल अशा रूपात. पांढरी म्हणजे सासरेबुवांची जुनी पावडर. तिच्याच जोरावर त्यांनी खाद्याची गिरणी उभी केली होती. ती मापाने घालून झाली की “असू द्या” म्हणत ते वर आणखी एक मूठ टाकायचे.

पैज सुनेनेच लावली होती.

“माझे पक्षी पायांनी अधू निघाले तर मी गिरणीत पाऊल ठेवणार नाही, बाबा. शहरातली नोकरी आहेच. आम्ही दोघं तिकडे बिऱ्हाड करू.”

“आणि जिंकलीस तर?”

“तर तुमची ती वरची मूठ कायमची बंद.”

सासरेबुवा तेव्हा मोठ्याने हसले होते, पण ते वरवर. तिच्याशी हुज्जत घातल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. ती गेली तर घर खायला उठलं असतं. आणि ती हरणार, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. एवढ्याशा खनिजावर कोंबडी उभी तरी राहणार होती का?

म्हणून त्यांनी एक उद्योग करून ठेवला. गोदामात सासूबाई सुनेची पोती खिडकीखाली रचायच्या आणि नवऱ्याची दाराजवळ. सुतळ्या बांधून झाल्या की त्या दुपारच्या जरा पडायला घरी जायच्या. तेवढ्यात सासरेबुवा आत शिरायचे आणि सुतळ्यांची अदलाबदल करायचे. दाराजवळच्या पोत्यांना लाल, खिडकीखालच्यांना पांढरी. प्रत्येक खेपेला. शेडवरची माणसं सुतळीचा रंग बघूनच खाद्य घालत. नाव सुनेचं, ताकद आपली, असा सगळा मामला. आपल्या या अक्कलहुशारीचा सासरेबुवांना फार अभिमान होता.

डॉक्टरांनी पांढऱ्या बाजूचा एक पक्षी उचलून खाली सोडला. तो दोन पावलं लंगडला आणि मटकन बसला. दुसऱ्याचंही तेच. तिसऱ्याचा पाय घोट्यातून बाहेर वळला होता.

“कमतरता म्हणवत नाही ही,” डॉक्टर विचार करत म्हणाले. “खनिजं फार झाली की ती एकमेकांनाच अंगी लागू देत नाहीत. तसलं काहीतरी दिसतंय.”

“डॉक्टर, तुम्ही पाय बघा,” सासरेबुवा म्हणाले. मनात म्हणाले, एवढंसं घातल्यावर दुसरं काय होणार!

मग लाल बाजू. पहिल्याच पक्ष्याने डॉक्टरांच्या हाताला हिसका दिला आणि जो धावत सुटला तो थेट पाण्याच्या भांड्यापाशी थांबला. डॉक्टर एकामागून एक पक्षी उचलत राहिले. हाडं सरळ, तळवे स्वच्छ, पिसं दाट.

“लाल,” ते हात झटकत म्हणाले. “वादच नाही.”

सुनेचे डोळे भरून आले. ती सासऱ्यांकडे वळली. “बाबा, खरं सांगा. वाईट वाटलं?”

“वाईट? अगं, सून आहेस माझी!” सासरेबुवांचा आवाज असा चढला की पक्षी बिचकले. फाटकापाशी पक्षी न्यायला आलेले ट्रकवाले उभे होते. सासरेबुवांनी त्यांना आत बोलावलं. “या, बघा हे पाय! आजपासून आपल्या गिरणीत खनिज घालायचं ते आमच्या सूनबाईंचंच. माझी मूठ बंद!”

लोक बघतच राहिले. उभ्या आयुष्यात कोणाचं ऐकून न घेतलेला माणूस हरला होता, आणि मिरवत होता जिंकल्यासारखा. डॉक्टरांनी तर त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, “मोठं मन लागतं याला.” सासरेबुवांनी मान खाली घातली. हसू लपवायला त्यांना तेवढं एकच ठिकाण सापडलं.

घरी आल्यावरही त्यांचे पाय जमिनीवर नव्हते. सून राहणार होती. तिचा मान राहिला होता. आणि आपली पावडर आजही कोणाला हार जात नाही, हे जगात फक्त त्यांना एकट्याला ठाऊक होतं. पुढे तिच्या खनिजांच्या डब्यात आपलीच पावडर कशी भरायची, हेही त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. पण एवढा मोठा अभिमान एकट्याच्या पोटात मावेना. सासूबाईंनी चहा आणून ठेवला तसे ते पुढे सरकले.

“ऐक, तुला एक गंमत सांगतो. पण कोणाकडे बोलायचं नाही हं.”

“आधी माझं ऐका. निकाल लागेपर्यंत गप्प बसले, आता बोलते. उद्या तुमचे डोळे तपासून घेऊ.”

“माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?”

“लाल-पांढरं कळेनासं झालंय तुम्हाला,” सासूबाई बशी पुढे सरकवत हळूच म्हणाल्या. “दर वेळी मी पडून उठले की गोदामात बघावं तर दाराजवळ लाल सुतळ्या आणि खिडकीखाली पांढऱ्या. म्हटलं, ढिल्या झालेल्या बांधायला गेले असतील आणि घोटाळा करून ठेवला असेल. पोरीला कळलं असतं तर हसली असती तुम्हाला, म्हणून शेडवरची माणसं यायच्या आत सगळ्या सोडून पुन्हा होत्या तशा बांधायचे.”