बाबा काय करतात

लढाई सुरू झाली तसे कारखान्याचे साहेब आमच्या मराठी शाळेत आले आणि मला, पहिलीच्या बाईला, हुकूम सोडून गेले. बाप कारखान्यात काय करतो, हे पोरांनी कुणाला सांगायचं नाही. ज्यांना अजून चड्डीची नाडी बांधता येत नाही, त्यांनी म्हणे देशाचं गुपित सांभाळायचं. तरी मी आठवडाभर घोकून घेतलं. बाराखडी झाली की, पाढे झाले की, डबे उघडायच्या आधी.

"कुणी विचारलं तर काय म्हणायचं?"

"काही नाही करत."

शनिवारी साहेब स्वतः परीक्षा घ्यायला आले. माझ्याच खुर्चीत बसले.

"काय रे भैया, तुझे बाबा कारखान्यात काय करून राहिले?"

"काही नाही करत, जी."

ओळीनं सगळ्यांनी तेच सांगितलं. साहेब खुर्चीत फुलत गेले. शेवटी त्यांचाच मुलगा अच्युत उभा राहिला.

"काही नाही करत."

"शाब्बास. बाईंनी चांगलं शिकवलं."

"बाईंनी कुठे," अच्युत म्हणाला, "आई तर रोजच म्हणते."