डावीकडे पाहणारे चेहरे

‘दिनू, तुझ्या मुखपृष्ठावरचा फोटो उलटा छापलाय. माया चित्रलिपीतले चेहरे डावीकडे बघतात, तुझे उजवीकडे,’ असं जिवलग मित्राचं, अनंताचं, पत्र बऱ्याच वर्षांपूर्वी आलं होतं. फोटोतली ती माया लोकांची कोरीव शिळा प्रत्यक्ष न पाहताच मी पुस्तक लिहिलं होतं. लाजेने उत्तर दिलं नाही, आणि मैत्री तुटली.

काल मुलीने मला मध्य अमेरिकेत, होंडुरासला त्या शिळेसमोर उभं केलं.

‘बाबा, हे सगळे डावीकडेच बघतायत की!’

‘अनंताने कळवलं होतं.’

‘मग?’

‘मी गप्प बसलो. त्याचं खरं निघेल अशी भीती वाटली.’

‘एवढ्यासाठी अनंतकाकांना तोडलंत?’

आज इथल्याच पोस्टात कार्ड घेतलं. ‘तुझंच बरोबर होतं. भेटायला येऊ?’ एवढं लिहायला तासभर लागला. पत्ता मात्र इतक्या वर्षांनीही न अडखळता उतरला. कार्ड पेटीत टाकलं.