साडेसातची बैठक

जयंतीची मिरवणूक फ्रेझरपुऱ्याच्या तोंडाशी अडली होती आणि रश्मी कपाळापासून कोपरापर्यंत निळ्या गुलालात न्हालेली, तेवढ्यात तिच्या मुठीतला फोन थरथरला. अकोल्याहून अश्विन. डीजेच्या भिंतीसमोर फोन कानाला लावून काय उपयोग? ती धावत एका बंद दुकानाच्या आडोशाला गेली.

“ताई, कुठी आहा तुमी? बैठक सुरू होऊन अर्धा घंटा झाला!”

“साडेसातले आहे रे. आता घरीच निघाली मी.”

“नाही ना ताई. मी सहज लिंक उघडून पाह्यली, तं सारे बोलून राहिले. त्यायनं उन्हाळ्यासाठी घड्याळ एक घंटा पुढे केलं म्हणते. मराठीचा नंबर येऊनच राहिला.”

अमरावतीत बेचाळीस डिग्रीचं ऊन पडलं तरी घड्याळ जागचं हलत नाही. तिकडे युरोपात नुसत्या उन्हाच्या आशेवर ते तासभर पुढे सरकतं, आणि सरकलं हे सगळ्या जगाला आपोआप कळलं असं ते लोक धरून चालतात. रश्मी पळत सुटली.

अंध माणसांना संगणकावरचा मजकूर वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर आहे. जगभरातली माणसं ते मिळून, फुकट, हौसेनं लिहितात. त्यातली मराठी रश्मी सांभाळायची. काका धर्मपाल सरकारी कार्यालयात टेलिफोनवर बसायचे, त्यांची सगळी नोकरी त्या मराठीवर चालायची. अश्विनही अंध, त्याचं कॉलेजही त्यावरच. पण ज्या भाषेचा माणूस लागोपाठ तीन बैठकांना येणार नाही ती बेवारस समजून काढून टाकायची, असा नियम होता. फेब्रुवारीत ऐन वेळी वीज गेली. मार्चमध्ये काकांना दवाखान्यात न्यावं लागलं. आजची तिसरी. तिनं लेखी कळवलं, तर उत्तर आलं, बैठकीत येऊन बोल. अश्विनला नुसतं ऐकायची मुभा होती, बोलायची नाही.

घरात शिरली तेव्हा खिडकीची तावदानं डीजेच्या ठोक्यांनी थडथडत होती. मिरवणुकीतला पुढचा ट्रक बरोबर दारासमोर येऊन उभा राहिला होता.

“काका, सुरू बी झाली!”

भिंत चाचपत काकांनी खिडक्या लावल्या, कूलर बंद केला आणि दाराला पाठ लावून उभे राहिले. रश्मीनं लॅपटॉप मधल्या खोलीत नेला, गादीवरची गोधडी ओढली आणि लॅपटॉपसकट डोक्यावरून घेतली. आत घामानं जीव गुदमरायला लागला, पण आवाज थोडा कमी झाला.

पडद्यावर दहाबारा चेहरे होते. बैठक चालवणारा मार्टिन दुपारची कॉफी पीत होता.

“मी आले आहे,” ती इंग्रजीत म्हणाली. “मराठी मी सांभाळते. काढू नका.”

“रश्मी! मराठीचं मघाशीच झालं. दोनदा तुझं नाव पुकारलं. कोणी बोललं नाही, म्हणजे हरकत नाही असं धरलं.”

“मी वेळेवरच येणार होते. इथे बैठक साडेसातला असते, तुम्ही ती साडेसहाला...”

“आम्ही काहीच बदललं नाही.” त्याला खरंच नवल वाटलेलं दिसत होतं. “बैठक वर्षभर दुपारी तीनलाच असते.”

“तुमच्या तीनला!”

बाहेर गाणं बदललं आणि ठोका दुप्पट झाला. मार्टिननं कपाळाला आठ्या घालून कान पुढे केला.

“तू काय म्हणतेस ते ऐकूच येत नाहीये. फार गोंगाट आहे तुझ्याकडे. मी तुझा माइक बंद करतो, राग मानू नकोस.”

ती बोलत राहिली. ओठ हलताहेत आणि पलीकडे कुणाला काही पोचत नाही, हे तिला पडद्यावर स्वतःचंच निळं तोंड पाहून कळलं. मग तिनं घाईघाईनं टाइप केलं: इथले लोक रोज हे वापरतात, निर्णय थांबवा. मार्टिननं ते वाचलं, मान डोलावली.

“वेळेबद्दल काही अडचण असेल तर पुढच्या बैठकीत जरूर मांड. आपण सगळ्यांचं ऐकतो. चला, आजची वेळ संपली.”

एकेक चेहरा विझत गेला. रश्मीनं गोधडी बाजूला केली. तिला त्या लोकांचा संताप आला होता, आणि त्याहून जास्त स्वतःचा. एवढं शिकून घड्याळाचं कसं लक्षात आलं नाही?

“ठेवली का मराठी?” काकांनी दाराशी उभ्याउभ्याच विचारलं.

“नाही, काका. पुढच्या वेळी नवीन व्हर्जन आलं की त्यात मराठी वाचणार नाही ते.”

“मंग ऑफिसात पुन्हा पंजाबरावच्या मागं लागा लागन,” काका हसल्यासारखं करून म्हणाले. “वाचून दे ना रे बाप्पा, वाचून दे ना रे बाप्पा.”

रश्मीला रडू आवरेना. तेवढ्यात बाहेरचा ठोका एकदम थांबला. मध्येच, गाणं अर्धवट तोडून. इतका वेळ तो आवाज अंगात बसला होता, की आता कान दुखायला लागले.

दार वाजलं. काकांनी बाजूला होऊन उघडलं. शेजारची शालूवहिनी उभी होती, मिरवणूक काढणाऱ्या मंडळाची सगळी सूत्रं तिच्याच हातात. तिच्यामागे गल्लीभर निळी माणसं थांबली होती. कुणी बोलत नव्हतं. कडेवरच्या पोरांच्या हातातल्या पिपाण्यासुद्धा आयांनी काढून घेतल्या होत्या.

“साडेसात झाले ना व,” शालूवहिनी कुजबुजली. “तुही बैठक हाय म्हणून साऱ्यायले सांगून ठेवलं होतं म्या. एक घंटा इथी कोनी चूं करनार नाही. बोल आता, बिनधास्त बोल.”