मावशी म्हणते
लॅपटॉपवर लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेला तयार कोड, बसत होती. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरसर वर सरकत होत्या आणि तो जेवणाच्या टेबलाशी हनुवटीला हात लावून बसला होता. पीएचपी नावाच्या भाषेत लिहिलेल्या एका जुन्या वेबसाइटला आता दूरच्या मशीनकडून कामं करून घ्यायची होती. साइटने इथून हाक मारायची, राबायचं तिकडच्या मशीनने, आणि उत्तर मात्र शेजारच्या खोलीतून आल्यासारखं इथे हजर. थोडक्यात, उंटावरून शेळ्या हाकायच्या. त्यासाठी ही लायब्ररी, आणि सकाळपासून तिचे नखरे.

"अरे, मावशीला फोन लाव," आतून आई म्हणाली.

पडद्यावरची नजर न काढता त्याने तिला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं.

"लावतो. पाच मिनिटं."

आईची पाठची बहीण गुरुवारी गेली होती. आई सोडून सगळ्यांना ते माहीत होतं. आईच्या हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, टाके निघेपर्यंत कसलाही धक्का नको, असं डॉक्टर म्हणाले होते. मग आईला इतक्यात सांगायचं नाही, असं ताईने सगळ्यांच्या वतीने ठरवून टाकलं, आणि आई त्याच्याकडे राहते म्हणून ते निभावणं त्याच्या गळ्यात पडलं. ऑफिसला जातो असं आईला सांगून तो मावशीला शेवटचं पोहोचवून आला होता. रडायचं राहूनच गेलं होतं.

तशी निभावायला सोयही होती. आईला फोनवरचं ऐकू येत नसे. ती पलंगावरून सांगायची, तो मावशीला विचारायचा, आणि मावशी काय म्हणते ते आईच्या कानाशी ओरडायचा. कित्येक वर्षं दोघी बहिणी त्याच्याच तोंडाने बोलत आल्या होत्या. त्यामुळे बंद फोन कानाला लावून बोलायला त्याला वेगळं काही शिकावं लागलं नाही.

पडद्यावर लाल ओळ उमटली. लायब्ररी बसली होती, पण पलीकडून उत्तर नव्हतं. त्याने ऑफिसातल्या मित्राला फोन केला.

"तिकडचं मशीन अजून चालूच झालेलं नाही रे," मित्र म्हणाला. "तोवर तूच एक खोटं उत्तर देणारं बसव. काहीही विचारलं तरी 'ठीक' म्हणायचं."

"साइटला कळणार नाही?"

"तिला काय कळतंय? तिला उत्तराशी मतलब."

त्याने चार ओळी लिहिल्या. साइटने हाक मारली, 'ठीक' असं उत्तर आलं, आणि लाल ओळ गेली. एरवी त्याने टेबलावर थाप मारली असती. आज तो नुसता बघत राहिला.

"झाली की नाही तुझी पाच मिनिटं?" आई म्हणाली.

तो आत गेला. आई उशांना टेकून बसली होती, अंगावर मावशीची निळी शाल. तो पलंगाच्या कडेला बसला, नंबर लावल्यासारखं केलं आणि फोन कानाला लावला.

"गुडघा कसा आहे विचार."

"मावशी, आई विचारतेय, गुडघा कसा आहे?" तो थांबला. उत्तराला लागायचा तेवढा वेळ त्याला पाठ होता. "बरा आहे म्हणते!"

"ही शाल माझ्याकडेच राहील म्हणावं. मागायची नाही."

त्याने सांगितलं, थांबला. "मावशी म्हणते, ठेव. तुलाच शोभते!"

आईने शालीचं टोक बोटांत धरलं. मग म्हणाली, "आणि सांग तिला, बाबांची लाडकी मीच होते."

त्याने तेही सांगितलं. फोनमध्ये काहीच नव्हतं, साधी खरखरसुद्धा नाही. आईला बरं वाटावं, एवढंच त्याच्या मनात होतं, आणि तो घाईने बोलून गेला. "मावशी म्हणते, हो, तूच होतीस!"

आई त्याच्याकडे बघत राहिली. मग हात लांब करून तिने त्याच्या कानावरचा फोन काढून घेतला. पडदा काळा होता. तिने तो उलटा करून शालीवर ठेवला.

"आयुष्यभर भांडलो आम्ही यावरून," ती म्हणाली. "मेली तरी कबूल करायची नाही ती."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं असावं. तिचा चेहरा एकदम लहान झाला.

"कधी?"

आईने त्याचे ओठ वाचायला मान पुढे केली.

"गुरुवारी," तो म्हणाला, आणि इतके दिवस राहून गेलेलं रडू आलं. आईच्या मांडीवर डोकं ठेवून तो हमसून हमसून रडला. टाके, डॉक्टर, ताईला दिलेला शब्द, सगळं विसरून. आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिचा श्वास जड झाला होता, पण हात थांबला नाही.

"पुरे आता," बऱ्याच वेळाने ती म्हणाली. "ऊठ. तोंड पूस."

तो उठून बसला. आईने शालीवरचा फोन उचलला आणि त्याच्या हातात दिला.

"तिला सांग, मी खोटं बोलत होते. बाबांची लाडकी तीच होती."

"आई…"

"सांग."

त्याने बंद फोन कानाला लावला. आवाज सावरला. "मावशी," तो म्हणाला, "आई म्हणतेय, लाडकी तूच होतीस."

मग सवयीने तो थांबला, उत्तराला लागायचा तेवढा वेळ. ती काय म्हणते, ते आईने विचारलं नाही.