दोन रेघा

नवऱ्याला पलंगाच्या काठावरून अर्धे उचलले असतानाच मास्तरीणबाईंच्या कमरेत कळ उमटली आणि हातांनी आपले काम सोडले. मुकादम धपकन गादीवर परतले. बाई मात्र वाकलेल्या तशाच राहिल्या, पलंगाची कड घट्ट धरून. घड्याळात सव्वानऊ झाले होते. दहाला लेक यायची होती.

ती पाहुणी म्हणून येणार नव्हती, परीक्षक म्हणून येणार होती. "आई, तुला बाबांना उठवणं झेपतंय हे मला डोळ्यांनी दिसू दे. नाहीतर सोमवारी त्यांना शुश्रूषागृहात ठेवायचं," असे तिने फोनवर बजावले होते. जन्मभर इतरांच्या परीक्षा घेतलेल्या बाईंनी त्यावर "सगळं छान चाललंय" असे धडधडीत खोटे उत्तर दिले होते.

"किती दिवस दुखतेय कंबर?" मुकादमांनी विचारले. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू नेली होती, शब्दही जरा घोळून येत. परंतु गोदामातल्या हमालांवर चाळीस वर्षे चाललेला आवाज अजून शाबूत होता.

बाईंनी एक हात कमरेवर दाबला. "दोन वर्षं."

"आणि गुडघ्याला लावतेस ते मलम?"

"कमरेचंच."

"तरीच. हत्तिणीच्या गुडघ्यालाही इतकं लागलं नसतं." मुकादमांनी उसासा टाकला. "माझ्या गोदामात असतीस तर पहिल्याच दिवशी घरी पाठवली असती."

"घरीच तर आहे मी."

मुकादम हसले नाहीत. "डॉक्टरनं काय सांगितलंय?"

बाईंनी सावकाश सरळ होत कपाटाचे दार उघडले. दाराच्या आतल्या अंगाला, पलंगावरून दृष्टी पोहोचणार नाही अशा जागी, वर्षभरापूर्वीचा कागद चिकटवलेला होता. बाईंनी तो वाचून दाखवला: पाठीवर निजून करायचे चार व्यायाम, रोज वीस मिनिटे. मुकादमांच्या गोळ्या, मुकादमांची अंघोळ, मुकादमांच्या मुखी घातलेला एकेक घास, या साऱ्यात त्या वीस मिनिटांना आजवर आसन मिळाले नव्हते.

"मला उठवण्याआधी हे उरकायचं."

"अहो, ती येईल तेव्हा तुम्ही अंथरुणात नि मी जमिनीवर. शोभेल का?"

"उचलणारा मोडला की ओझं जागच्या जागी राहतं. घाल सतरंजी. मी मोजतो."

बाईंनी सतरंजी घातली. गुडघे छातीशी, मग खाली. पहिले दहा त्यांनी दात आवळून केले. पुढच्या दहांत श्वास मोकळा झाला. वेदना गेली नाही. वर्गातल्या दटावलेल्या पोरासारखी ती मागच्या बाकावर जाऊन बसली, एवढेच. बाईंना तेवढे पुरेसे होते.

दार किल्लीने उघडले. लेक आत आली आणि उंबऱ्यातच थबकली.

"आई, पडलीस की काय?"

"चौथ्या व्यायामाचे पंधरा झाले," मुकादम म्हणाले. "पाच राहिलेत. मध्ये बोलू नकोस."

पाच पूर्ण झाले. बाई कुशीवर वळल्या, हाताचा आधार घेऊन उठल्या आणि लेकीसमोर ताठ उभ्या राहिल्या. "तुला खोटं सांगितलं मी. कंबर दोन वर्षं दुखतेय. मघाशी हे हातातून सुटलेसुद्धा."

"मग बोलायचं काय उरलं?" लेकीने पिशवीतून शुश्रूषागृहाचा अर्ज काढला.

"मास्तरीणबाई, खडू आहे का घरात?" मुकादमांनी विचारले.

त्या घरात एक वेळ साखर संपे, खडू संपत नसे. मुकादमांनी तो डाव्या हातात धरला आणि डोक्यामागच्या फळीवर दोन वाकड्या रेघा ओढल्या.

मायलेकींना रेघांचा अर्थ ठाऊक होता. गोदामात आलेल्या प्रत्येक पेटीवर मुकादम खडूने रेघा ओढीत. जितक्या रेघा, तितकी माणसे. दोन रेघांच्या पेटीला एकट्याने हात लावणाऱ्याला, तो कितीही पहिलवान असो, ते दाराबाहेर काढीत.

"तेच म्हणतेय मी," लेक म्हणाली. "दुसरं माणूस हवंच. पण दिवसभरासाठी आणायचं कुठून?"

"आणायचं कशाला? मी आहे ना."

लेकीची नजर बापाच्या लुळ्या हातावर गेली.

"डाव्या पायावर भार द्या, असं डॉक्टरनं मलाही सांगितलं होतं," मुकादम बाईंकडे न पाहता म्हणाले. "ही उचलतेय म्हटल्यावर मी पोतं झालो. पोत्याला सवय फार लवकर लागते."

त्यांनी डावा पाय उजव्याखाली सरकवला आणि दोन्ही पाय पलंगावरून खाली सोडले. कोपरावर रेटा देऊन ते उठून बसले. कपाळावर घाम आला. डाव्या हाताने त्यांनी पलंगाचा दांडा धरला. बाई पुढे झाल्या. आज त्यांनी काखेत हात घातले नाहीत. आपला गुडघा त्यांच्या दुबळ्या गुडघ्याला टेकवला, पाठीवर तळवा ठेवला आणि स्वतःची कंबर सरळ राखली.

लेक न राहवून धावली.

"तू मागे हो," बाई म्हणाल्या. "रेघा दोनच आहेत."

"एक," मुकादम मोजू लागले.

"दोन," बाई म्हणाल्या.

दांडा करकरला. डावा पाय थरथरला आणि स्थिरावला. मुकादम उठत गेले, उठत गेले. अर्ज हातात तसाच धरून उभ्या असलेल्या लेकीला, दोन वर्षांनी प्रथमच, बापाच्या चेहऱ्याकडे पाहण्यासाठी मान वर करावी लागली.