काल्विनसचा चेहरा

नव्या सम्राटाच्या फौजेतला नायक वेतियस याने चांदीचे नाणे मालखसच्या पुढ्यात टाकले. "हे तूच कोरलंस ना?"

मालखसच्या हातातली कोरणी थांबली. अंत्युखियाच्या टांकसाळीत ठसे कोरणारे चौघे होते, पण हा ठसा कोणाचा हे दारावरच्या हमालालाही ठाऊक होते. नाकारण्यात अर्थ नव्हता. हरलेल्या सम्राटाचे नाणे पाडले म्हणून आता हात तोडतात की काय, अशी भीती म्हाताऱ्याला वाटली.

काल्विनसचे राज्य सात महिने टिकले. युफ्रेटिसपलीकडच्या छावणीत सैनिकांनी त्याच्या अंगावर जांभळा झगा चढवला आणि दुसऱ्याच दिवशी पगार मागितला. पगाराच्या नाण्यावर चेहरा नसेल तर कसला सम्राट? तो स्वतः या शहरात कधी फिरकला नाही. त्याचा खजिनदार आला आणि तीन दिवसांत ठसा हवा म्हणून अडून बसला. धनी दिसतात कसे, असे मालखसने विचारले, तर म्हणाला, दाढी आहे, मान जाड आहे, बाकी तुझे तू बघ.

दोन दिवस मालखस कोऱ्या ठशासमोर नुसता बसून राहिला. तिसऱ्या दिवशी हाताला जो चेहरा पाठ होता तोच त्याने कोरला. तो त्याच्या मुलाचा होता. मला कोरणी नको, मी उंटांच्या तांड्याबरोबर जाणार, असे बारातेस म्हणाला, तेव्हा बापाने त्याला घराबाहेर काढले होते. त्याला चार वर्षे झाली. आपण फार वाईट बोललो, हे मालखसला रोज वाटे. पण निरोप धाडायचा कुठे? तांडे जातात तिथे चांदीही जाते. कुठल्या तरी बाजारात हे नाणे पोराच्या हाती पडेल, बापाच्या मनातले त्याला कळेल, एवढीच आशा होती.

वेतियस मात्र रागावलेला नव्हता. काल्विनस पळाला होता आणि नव्या सम्राटाच्या फौजेत एकानेही त्याला पाहिले नव्हते. म्हणून प्रत्येक पुलावर, प्रत्येक वेशीवर पहारेकऱ्यांना हे नाणे वाटायचे ठरले होते.

"पण म्हातारबा, खरं सांग," तो म्हणाला. "तो दिसतो का असाच?"

खरे सांगायचे तर सम्राटाला आपण पाहिलेच नाही, हे सांगावे लागले असते. खोटा चेहरा खपवल्याबद्दल फटके, आणि त्यातून वाचलाच तर उरलेले आयुष्य खाणीत. बारातेस तिकडे वाळवंटात असेल, उन्हाने रापला असेल, कोण ओळखणार त्याला? शिवाय चाळीस वर्षांत मालखसच्या कामाला कोणी नावे ठेवली नव्हती. तो गर्वही होताच.

"हुबेहूब," मालखस म्हणाला.

त्या एका शब्दाने त्याची झोप उडाली. नाणे निघाल्यापासून सात महिने तो रोज संध्याकाळी पूर्वेच्या वेशीपाशी उभा राहून तांड्यांतले चेहरे न्याहाळत आला होता. आता तो देवापुढे धूप जाळून विनवू लागला, की पोराला आहे तिथेच ठेव. एकदा सगळे सांगून टाकायला तो वेतियसच्या छावणीपर्यंत गेलाही. पहारेकऱ्याने काय काम आहे म्हणून विचारले. काही नाही म्हणून तो परतला.

अकराव्या दिवशी वेतियस हसतच टांकसाळीत शिरला. नव्या सम्राटाचा ठसा मालखसनेच करायचा, असा हुकूम त्याने आणला होता.

"तुझ्या हाताला तोड नाही," तो म्हणाला. "सापडला तो. युफ्रेटिसच्या पुलावर. उंटवाल्याचं सोंग घेतलं होतं. पहाऱ्यावरच्या पोरांनी नाणं गालाशी धरून पाहिलं. नाक, कपाळ, कान, सगळं जुळलं. तिथंच उडवला."

मालखसने पाटाची कड घट्ट धरली. मरताना तो काही बोलला का, एवढेच त्याने विचारले.

वेतियसला अजून त्याचे हसू येत होते. "अरे, वेडाच तो. पलीकडं पळायचं सोडून इकडंच येत होता. गळ्यात हेच नाणं बांधलेलं. ते दाखवून पोरांना म्हणतो, सोडा मला, बापानं घरी बोलावलंय."